कॉम्प्युटरनं निवडलेला माका

अजून संताप येतो बघा! माझा भाचा पुण्यात केसगळतीचं औषध शोधतो. कुठल्या झाडपाल्यातलं द्रव्य केसांच्या मुळांना लागू पडेल, ते आधी कॉम्प्युटरवरच तपासतात म्हणे. परवा कामशेतला आला तो थेट आमच्या भातखाचराच्या बांधावर. "मामा, सगळ्या वनस्पतींत माका पहिला आला! न्यायला आलोय."

मी टोपी काढली. "हे बघ. तुझ्या आजीनं जन्मभर माक्याचंच तेल थापलं माझ्या डोक्याला. दुसरं तेल घरात येऊ दिलं न्हाई!"

त्यानं वाकून माझं टक्कल निरखलं आणि वर मलाच म्हणतो, "पण कॉम्प्युटरवर तर लागू पडतोय, मामा!"

म्हणलं, "मग जा, त्या कॉम्प्युटरचाच भांग पाड!"