माशांचा श्रावण

श्रावण लागला की मला अजून मरोळच्या चाळीतले आमचे गप्पी मासे आठवतात. माझ्या धाकट्याला हिवताप होऊन गेला, तेव्हा शेजारच्या काकूंनी ते आणून दारातल्या पाण्याच्या पिंपात सोडले होते.

श्रावणाच्या पहिल्याच दिवशी सासूबाई पिंपात डोकावल्या. "हे काय खातत गो?"

"डासांच्या अळ्या, आई."

"श्रावणात? माझ्या दारात?"

त्या दिवसापासून त्या आपल्या ताटातला घासभर भात माशांना घालू लागल्या. मी म्हटलं, "आई, पोराला परत ताप येईल हो."

"देव बघता," म्हणाल्या.

मासे झाले गुबगुबीत, अळ्यांकडे ढुंकून बघेनात. घरात डासच डास.

एका सोमवारी सासूबाई पोथी वाचत होत्या. मांडीशी झोपलेल्या नातवाच्या गालावर डास बसलेला दिसला आणि त्यांनी फाडकन हात मारला. पोर रडत उठलं. त्यांच्या तळहातावर रक्ताचा ठिपका.

मी हळूच म्हटलं, "आई, श्रावण ना?"

हाताकडे बघत त्या म्हणाल्या, "उद्यापासून भात बंद. तुझ्या माशांचो श्रावण आज सुटलो."