गाळलेली ओळ

प्रतिमा: सुबह से दोनदा वाचलं ना तू हे पत्र, आजी. बोट लावून लावून, पूर्ण. मग आता हेमलता चाचीकडे कायले घेऊन चालली?

पार्वताबाई: आस्ते बोल, पोरी. दोन घरं सोडून राहते ते. कान मोठे तिखट हायेत तिचे.

प्रतिमा: पण तुला वाचता येते आता. चार महिन्यापासून विहारात क्लासला जातेस. चाचीला सांगून टाक ना.

पार्वताबाई: सांगीन. घाई काय हाय?

प्रतिमा: हे तू दिवालीपासून बोलून राहिली.

पार्वताबाई: बावीस साल झाले मले तिच्याकडे पत्र नेता नेता. माह्या लग्नात माहेर अन् सासर एकाच राज्यात होते. वर्ष झालं नाही तर नागपूर तिकडं गेलं, जबलपूर इकडं रायलं. बहीण चंपी काटोलची, ते दुसऱ्या राज्यातली झाली. मंग पत्राशिवाय काय उरलं?

प्रतिमा: तर आजोबा वाचून देत नव्हते का?

पार्वताबाई: तुहा आजोबा? चार पानाचं पत्र द्या, दोन मिनटात घडी करून वापस. "सर्वे मजेत हायेत." मले शब्दन् शब्द पायजे होता. म्हणून या हेमलता दुबेबाईकडे गेली. अक्षर तर एकच हाय हिंदी-मराठीचं. ते वाचे, तिले काही समजे नाही. मले समजे, मले वाचता येये नाही. दोघी बसलो की एक पूर्ण बाई होये.

प्रतिमा: आणि चाची वाचते पण कशी. "बालंतपन". तू क्लासमध्ये तसंच वाचलं तर विनता मॅडम किती हसल्या. म्हणे, पार्वताबाई, घरी तुम्ही बायतपन म्हणता, पुस्तकात ळ छापला आहे, मग हा ल कुठून आणला?

पार्वताबाई: मी थोडी आणला. पुस्तक उघडलं की आतमंधी हेमलता दीदी बोलाले लागते. चंपीचं पत्र घेतलं तरी तेच. सख्खी बहीण माही, या मांडीवर वाढवली, पण पत्रात तिचा आवाजच येत नाही. सिहोऱ्याची दीदीच बोलते, थांबत थांबत.

प्रतिमा: अच्छा, आणि ह्या पत्रात चंपा आजीनं काय लिहिलं, ते विसरली? "आता तुला वाचता येते, तेव्हा त्या हेमलताबाईंकडे जायची गरज उरली नाही." चाची ते स्वतःच्या तोंडानं वाचणार, जोरात.

पार्वताबाई: वाचू दे. समजते कुठी तिले.

प्रतिमा: आजी, बावीस साल.

पार्वताबाई: समजलं असतं तर कधी तोंडावर दिसलं नसतं? चंपीनं नवऱ्याचे काय काय गुण लिहिले, दीदीचा चेहरा जसाच्या तसा. हा घे चष्मा, तुह्यापाशी ठेव. माह्या नाकावर दिसला तर शंभर सवाल करन ते. अन् तू येऊन राहिली तर तोंड बंद ठेवजो.

(हेमलता दुबे यांचं अंगण. शनिवारची दुपार, एक खाट, चहाचे तीन कप.)

हेमलता: आओ पारबती. मैं तो एक बजे से खटिया डाले बैठी हूँ. और बिटिया आज कैसे?

प्रतिमा: बस चाची, ऐसे ही. सुनने.

हेमलता: सुनो भई. मुझे तो एक अक्षर समझ नहीं आता, मजा तुम लोग लो. लाओ चिट्ठी.

पार्वताबाई: घ्या. परवाच्याले आली. फोडली तेवढी मी.

हेमलता: हओ. "चिरंजीव अंबादास याचे हस्ते, तीर्थरूप पार्वताताईस चंपाबाईचा सप्रेम जय भीम. विनंती विशेष. लिहिन्यास कारन की, इकडील सर्व मंडली खुशाल आहे."

पार्वताबाई: हे सारं अंबादासचं. तिचा पोरगा शायेत बाबू हाय ना, तोच लिहून देते. चंपी असं जन्मात बोलली नाही.

हेमलता: "बेबीचे बालंतपन सुखरूप झाले. मुलगा आहे. रात्रभर रडतो आणि दिवसभर झोपतो."

पार्वताबाई: बापावर गेलेला दिसते.

हेमलता: "काल्या शेलीला दोन पिल्ले झाली. आणि... आणि यंदा संत्र्याचा बहर चांगला आहे. प्रतिमाच्या अभ्यासाचे काय ते लिहावे. कलावे." बस. नीचे अंगूठा.

पार्वताबाई: झालं?

हेमलता: हो गया.

पार्वताबाई: लवकर संपलं आज.

हेमलता: छोटी चिट्ठी है. चाय पियो, ठंडी हो रही है.

पार्वताबाई: त्या शेयीच्या अन् संत्र्याच्या मंधात काही नाही?

हेमलता: बीच में क्या होगा? बकरी के बाद संतरा है.

प्रतिमा: चाची, शेली मतलब बकरी, ये आपको किसने बताया?

हेमलता: किसने बताया मतलब... और पारबती को किसने बताया कि बीच में कुछ है?

पार्वताबाई: पोरी, तुले तोंड बंद ठेवाले सांगितलं होतं.

प्रतिमा: मी काय केलं?

हेमलता: पारबती.

पार्वताबाई: दीदी.

हेमलता: पहले तुम बोलो.

पार्वताबाई: तुम्ही मोठ्या. पहिले तुम्ही.

हेमलता: ठीक है. तो सुनो. कलविन्यास आनंद होतो की, मला मराठी समजते.

प्रतिमा: चाची तर एकदम पत्रासारखी बोलते.

हेमलता: तो और कहाँ से सीखती? मेरा मास्टर तो अंबादास है.

पार्वताबाई: कधीपासून समजते?

हेमलता: धीरे धीरे. पहले तीन बरस तो कुछ नहीं. हर चिट्ठी के आखिर में लिखा रहता था कलावे, कलावे. मैं समझती थी तुम्हारी बहन हर बार कलावे भेजती है और बलीराम डाकिया रस्ते में निकाल लेता है. एक दिन तो मैंने उसे दरवाजे पे खड़ा करके डाँटा.

प्रतिमा: आजी, कलावा म्हणजे पूजेचा लाल धागा. हातात बांधतात तो.

पार्वताबाई: म्हणजे त्या बिचाऱ्या बयीरामवर तुम्ही चोरीचा ठपका ठेवला? तरीच तो आपल्या गल्लीत सायकलवरून उतरे नाही. दुरूनच पत्र फेके.

हेमलता: मुझे क्या मालूम था. फिर वो पानी वाली चिट्ठी आई.

पार्वताबाई: कोणती?

हेमलता: "ती बामनीन तुला पानी तरी देते का." पानी तो दोनों में पानी है, पारबती. उतना समझने को मराठी नहीं लगती.

पार्वताबाई: त्याच्या पुढच्या शनिवारी चहा आला होता. याच कपात. तुमची सासू इथंच बसली होती, जपाच्या मायेचे मणी ओढत. मध्येच उठून आत गेली.

हेमलता: हओ. तीन दिन मुझसे बोलीं नहीं.

पार्वताबाई: मले वाटलं, त्या दिवशी तुमच्याकडे दूध उरलं असन.

हेमलता: दूध नहीं बचा था. मला लाज वाटली.

पार्वताबाई: बोलल्या काहून नाही कधी, समजते म्हणून?

हेमलता: कलविले असते तर तू पत्र आनने बंद केले असते. घर की बातें थीं सब. जिसे समझ नहीं आता, उसी के पास लाती थीं तुम.

पार्वताबाई: म्हणजे चंपीच्या नवऱ्याचं बी सर्वे समजलं?

हेमलता: सर्व. गोठे में सोया था वो भी.

प्रतिमा: कोण झोपलं होतं गोठ्यात?

पार्वताबाई: तू चहा पी. अन् दीदी, आजची ओय काहून सोडली?

हेमलता: डर गई. देखा कि लिखा है, तुम्हें पढ़ना आ गया, अब जायची गरज उरली नाही. आँख अपने आप कूद गई, बकरी से सीधे संतरे पे. सोचा, मैं नहीं पढ़ूँगी तो लिखा ही नहीं. इतने बरस ऐसा ही तो था. जो मैंने पढ़ा वही चिट्ठी थी. अब तुम बोलो, ये पढ़ना कब आया?

पार्वताबाई: विहारात बायांचा क्लास लागते. दिवायीच्या आधीपासून जाऊन राहिली. रोज वाटे, आज दीदीले सांगीन. पण सांगितलं की मंग शनिवारी यावं कसं? हाती काही नसताना कोणाच्या दारात जाऊन बसाचं, हे मले जमत नाही.

हेमलता: मेरी बहनें तो सिहोरा से खाली हाथ ही आती हैं. खा के जाती हैं ऊपर से.

पार्वताबाई: त्याईचं वेगयं हाय. अन् खरं सांगू का, वाचता येऊन बी माही सुटका झाली नाही. आत तुम्हीच वाचता. तोच ल. तुम्ही जिथं थांबता तिथंच मी थांबते. मॅडम रागावते, म्हणे हे कोणाचं वाचन हाय?

हेमलता: और मेरी सुनो. मेरे अंदर तुम बैठी हो. दूध उफन जाए तो भीतर से आवाज आती है, "काहून वं, डोये कुठी हायेत तुहे?" पहले मेरी अम्मा डाँटती थीं अंदर से. अब अम्मा को तुम बोलने ही नहीं देतीं. होली में सिहोरा गई थी, भैया ने कहा, दो दिन और रुक जा. मेरे मुँह से निकला, "काहून?" भाभी ने अलग ले जा के पूछा, दीदी, तबीयत तो ठीक है?

प्रतिमा: मतलब चाचीच्या आत आजी, आजीच्या आत चाची. मग माझ्या आत कोण बोलते?

पार्वताबाई: तुह्या आत टीवी बोलते. दिवसभर.

हेमलता: तो पारबती, वो छूटी हुई ओल? पढ़नी है कि रहने दें?

पार्वताबाई: वाचा ना. बहिणीनं लिहिलं हाय, ते सोडून कसं चालन.

हेमलता: तुम पढ़ो. तुम्हें पढ़ते हुए मैंने कभी सुना नहीं.

पार्वताबाई: मले लाज वाटते.

हेमलता: मेरे सामने? इतने बरस मैंने तुम्हारे सामने गलत सलत पढ़ा, मुझे तो नहीं आई.

पार्वताबाई: प्रतिमा, दे तो चष्मा. कुठी हाय... हां. "तुझ्या हातचे पत्र मि-ला-ले. आता तुला वाचता येते, तेव्हा त्या... हेमलता-बाईंकडे जायची गरज उरली नाही. त्यांना तसे क-ल-वा-वे."

हेमलता: अरे, ये तो मैं हूँ.

पार्वताबाई: तेच तर सांगून राहिली मी.

हेमलता: बिल्कुल मैं. नाक से भी मैं. बिटिया, मैं ऐसे पढ़ती हूँ?

प्रतिमा: ऐसे ही, चाची. मोहल्ले में सबको मालूम है.

हेमलता: अच्छा. तो लो, मुझे कलव गया. पढ़ना आ गया तुमको, बहुत अच्छा हुआ. सच्ची, मुझे खुशी है. अब शनिवार को मैं... देखूँगी कुछ. पापड़ बेल लूँगी.

पार्वताबाई: इनलँड हाय का घरात?

हेमलता: है. क्यों?

पार्वताबाई: जवाब लिहाचा हाय चंपीले. आताच. तुम्ही सांगा, मी लिहिते.

हेमलता: मैं बोलूँ? मराठी में?

पार्वताबाई: अंबादासच्या तोडीची हाय तुमची मराठी. माही बोली कागदावर चांगली नाही दिसत.

हेमलता: ठहरो, पेन लाती हूँ. हाँ. लिखो. "चिरंजीव सौभाग्यवती चंपाबाईस, पार्वताबाईचा सप्रेम जय भीम. विनंती विशेष. पत्र पावले, मजकूर समजला. बेबीच्या मुलास अनेक आशीर्वाद."

पार्वताबाई: आस्ते, आस्ते. मी काही टाइपराइटर नाही. आ... शी... हा वरचा रफार मले फार सतावते. झालं. आता पुढचं मी माह्या मनानं लिहिते.

हेमलता: बोल बोल के लिखो.

पार्वताबाई: "हेमलता दीदीकडे शनिवारचं माहं जाणं चालूच राहीन. तिले मराठी समजते. आपलं सर्वे समजलं तिले, गोठ्याचं बी. आता लाजून काही फायदा नाही. तू जबलपूरले आली की तुले बी नेईन तिच्याकडे. तू एकदा पाण्याचं विचारलं होतं. चहा भेटते. घरच्या कपात."

हेमलता: ये कप वाली बात मत लिखो.

पार्वताबाई: लिहून झालं.

हेमलता: काट दो.

पार्वताबाई: ओय सोडाची नाही आता, दीदी. शेवटचं सांगा.

हेमलता: "बाकी सर्व ठीक. कलावे."

पार्वताबाई: क... ला... वे.

प्रतिमा: आजी, कळावे मध्ये ळ असतो. तू ल लिहिला.

पार्वताबाई: माहीत हाय मले. राहू दे.