आटवलेली लोकर

…गर्दीचा त्रास? मला कसला आलाय गर्दीचा त्रास, आक्का? बोरीच्या बाजारात दर आठवड्याला धक्के खातेच की मी! तुमी माझ्या सख्ख्या नणंद, तुमच्या राजनंदिनीचं लगीन — अन् तिच्या मागं मामा उभा राहणार, मामीचा दिवा मातर धाकट्या जावंनं धरायचा, मी घरी बसायचं — हेच सांगायलात ना? मग घुमवून कामून सांगता? सरळ म्हणा — दैवशाला, तुझी एक छाती काढली, पदर नीट बसत न्हाई, बाया बगतेत.

बगू द्या. थांबा, दाखवतेच. हे घ्या — धरा हातात, चावत न्हाई ते. मी विणलंय. डॉक्टरीणबाईंनी छातीच्या जागी लावायचं रबराचं दाखवलं होतं, पण आपल्याकडचं ऊन — नुसता घाम अन् खाज. म्हणलं, गावातल्या लेकरांच्या कानटोप्या मी विणते, हे काय अवघड हाय? जिंतूरहून लोकर आणली, गोल विणलं, कापूस भरला — तर टाक्याटाक्यातून कापूस बाहेर डोकवायलाय! मग शिवणाच्या बाई म्हणल्या, मोठं विण अन् गरम पाण्यात घालून मुद्दाम आटव, लोकर आटली की टाके बुजतेत. आटवलं की! चोळून चोळून हात सोलले, अन् ते जसंच्या तसं. कसं आटंल? सगळा प्लॅस्टिकचा धागा मेला! मग तुमच्या भावानं परभणीहून दुसरी आणली, मिक्स. दुकानदारानं धागा जाळून दाखवला म्हणे — केस जळल्यावानी वास आला, म्हंजी लोकर. लोकर जास्त हाय म्हणून आटती, थोडा साधा धागा हाय म्हणून टोचत न्हाई.

ह्या लोकरीचं पहिलं लय उकळलं — कवठावानी टणक गोळा झाला, दिला फेकून. दुसरं दमानं केलं. गरम पाणी, साबण, चोळायचं, गार पाण्यात बुचकळायचं, अंगाशी धरून बगायचं, पुन्हा चोळायचं — अन् अंगाशी धरायचं म्हंजी आरसा लागतोच की. ऑपरेशन झाल्यापासून आरशाचं तोंड भिंतीकडं केलं होतं मी. त्या दिवशी फिरवला. दार लावून उभी राहिले… जाऊ द्या. आत कापूस आपल्याच शेतातला, वजनाला बाजरीची पुरचुंडी, न्हाईतर वर सरकतंय. मागून जुन्या लुगड्याचा तुकडा लावलाय, मऊ. आता सांगा — मी पदर घेऊन उभी राहिले तर कुणाला कळंल?

अन् कळलं तरी काय? चोरी केली का मी? तुमच्या भावानं तर कधी शब्दानं दुखवलं न्हाई. एस्टीनं दवाखान्यात नेलं, आणलं. उलट्या व्हायच्या तवा डोकं धरून बसायचे. बाहेरच्या खोलीत झोपतेत, पण ते माझी झोप मोडू नये म्हणून. आता मला चांगली झोप लागती, तरी तिथंच झोपतेत — सवय झाली असंल. माणसाला सवय होती.

तवा त्यांचं नाव काढू नका. हे खूळ काढलं कुणी, तेवढं सांगा. धाकटीनं? न्हाई? मग तुमच्या सासूबाईंनी? त्याबी न्हाई. तुमी सोता? आक्का, मान खाली कामून घातली? इकडं बगा माझ्याकडं.

त्यांनी?

लिंबाजीनं? — हो, घेतलं नाव! घेतलं नवऱ्याचं नाव, काय झालं? लिंबाजीनं पाठवलं तुमाला वालूरहून इथवर? एका घरात राहतो आमी, एका ताटलीतली भाकर खातो, अन् मला सांगायला बहीण लागली त्याला?

रडू नका. मी रडायलेय का? सांगा जाऊन त्याला — शेतात हाय तो, बांधावरच गाठा — मामी येणार. हळदीलाबी येणार अन् लग्नालाबी. दिवा मीच धरणार. त्याला माझ्याशेजारी उभं राहायची शरम वाटत असंल तर त्यानं घरी बसावं.

द्या ते इकडं. दाबू नका असं. अन् उठा आता, फाट्यावर एस्टी लय येळ थांबत न्हाई.