भिंतीवरची बाटली

कांता : अजून मोठा आ करा, रुख्माआजी. रात्री कवळी काढून ठेवता ना?

रुख्माबाई : ठेवतो व बाई वाटीत. सेलूच्या क्याम्पात फुकट भेटली, म्हटलं कोणी चोरून नेईन, म्हून झोपतानी बी तोंडातच ठेवत होती. तूच सांगतलं तिच्याखाली बुरशी धरते म्हून.

कांता : आता टाळू एकदम साफ आहे. पांढरा ठिपका नाही कुठे. जाईचा पाला आणि बाभळीची साल, त्यांच्या काढ्याच्या गुळण्या. कॉलेजात काचेच्या बशीत बुरशी मरत होतीच, आता तोंडातही मेली.

रुख्माबाई : म्हंजे माझं तोंड तुझी बशी झालं म्हण. प्रेमदास टेलरची पोट्टी नागपुरात शिकाले गेली आन् आमच्या तोंडात पाला कोंबाले आली. पण बरं झालं. दवाखान्यातल्या त्या जांभळ्या औषधानं तं तोंड वांग्यावानी होते.

कांता : आता भिंतीपलीकडे तुमच्या जाऊबाईंचं, मनकर्णाआजींचं तोंड पाहते. त्यांचं तसंच पांढरं असलं की मी जिंकले.

रुख्माबाई : तिचं पांढरं असलं तं तू काऊन जिंकली?

कांता : त्यांच्या बाटलीत काढा नाही, आजी. चहाच्या रंगाचं गोड पाणी आहे. एकीला औषध, एकीला पाणी देणार, हे दोघींना सांगूनच दिलं होतं. कोणाला काय, तेवढं नाही सांगितलं. दोघींच्या कवळ्या एकाच क्याम्पातल्या, दोघींना रात्री काढायला लावल्या. मग समजते, काम कशानं झालं. उद्या कॉलेजातल्या सरांना सांगायचं आहे. काढा चालला तर ते पुढे करू देणार, नाही तर बंद.

रुख्माबाई : आन् तिनं तशीच बुरशी घेऊन बसावं?

कांता : आज पाहिलं की लगेच त्यांनाही खरं औषध देणार.

रुख्माबाई : मंग आमी दोघीच काऊन सापडलो तुले?

कांता : बाकीच्या बाया एकमेकींच्या बाटल्या चाखून पाहतात. तुमच्यात तो धोकाच नाही. वाटणीत पाटा तुमच्याकडे आला, वरवंटा त्यांच्याकडे गेला, तेव्हापासून तुमचा अबोला. जनता सरकार आलं, गेलं, तरी तुम्ही बोलल्या नाही. मी म्हटलं, अशा जावा साऱ्या हिंगणीत भेटणार नाहीत.

रुख्माबाई : हे मात्र खरं हाय.

कांता : मनकर्णाआजी, भिंतीजवळ या जरा. आ करा.

मनकर्णाबाई : घे, पाह्य. आन् तिकडच्या बाईले सांग, माझ्या तोंडात नोको डोकावू म्हणा.

रुख्माबाई : सांग तिले, तिथं काई सोनं नाई पुरून ठेवलं.

कांता : हे कसं झालं? तुमची टाळूही साफ आहे.

मनकर्णाबाई : मंग असं तोंड काऊन केलं व? बरं झालं तं खूश हो.

कांता : तुम्हाला तर पाणी दिलं होतं, आजी. पाण्यानं बऱ्या झाल्या, म्हणजे कवळी काढल्यानंच काम झालं, पाला फुकट. बाबांचं सारं छप्पर मी पाला वाळत घालून भरून टाकलं. आता सरांना काय सांगू?

मनकर्णाबाई : पाणी असं कडू राह्यते काय?

कांता : कडू?

मनकर्णाबाई : पह्यले गोड होतं. मंग एक दिवस भिंतीवरून बाटली उचलली तं कडूजहर.

कांता : रुख्माआजी, तुम्ही कुठे निघाल्या?

रुख्माबाई : बकरी सुटली वाटते.

कांता : बकरी बांधलेली आहे. बसा.

रुख्माबाई : आता काय सांगू, बाई. मी गुळणी केली का थू थू करून राह्यतो, जीव जाते. आन् भिंतीच्या तिकडून इचं आपलं मजेत खुळखुळ, खुळखुळ. मी समजलो, इले पाणी भेटलं. मिरचीबिगर घास न गिळणारी बाई, नुसता दूधभात खाऊन राह्यली होती. पाहावलं नाई मले. तिची बाटली भिंतीवर होती, अर्धं ओतून देल्लं.

कांता : पण तुम्ही बोलत नाही ना?

रुख्माबाई : बोलली कुठं? ओतलं.

कांता : आणि मनकर्णाआजी, बाटली एकाएकी कडू झाली, तुम्हाला संशय नाही आला?

मनकर्णाबाई : आला नं. म्हटलं, तिनं जहर टाकलं.

कांता : तरी तोंडात घेतलं?

मनकर्णाबाई : इचार केला, नवी नवरी होती तवापासून तिच्या हातचं खाल्लं. माराचं असतं तं तवाच मारलं असतं. घेतली गुळणी.

रुख्माबाई : सांग तिले, जहर विकत भेटते. माझ्याजवळ फालतू पैसा नाई.

कांता : थांबा. गोड पाण्यानं काही फरक पडला होता का?

मनकर्णाबाई : काईच नाई. पांढरं तसंच होतं, आग बी तशीच. कडू झालं तवा कुठं भाकर गिळता आली.

कांता : म्हणजे कवळी काढूनही बुरशी गेली नव्हती, काढा लागल्यावर गेली. काम तर माझ्या काढ्यानंच केलं. पण कोणी किती घेतला, कोणाला ठाऊक. तुम्हा दोघींना निकालात धरता नाही येणार.

रुख्माबाई : मंग सरले सांगूच नोको.

कांता : सांगावं लागते, आजी. हसतील. पुन्हा सुरुवातीपासून करायला लावतील. करीन. औषध खोटं नाही, एवढं तर समजलं मला.

मनकर्णाबाई : पुन्यांदा करशीन तं दुसऱ्या जावा पाह्यजो.

कांता : हो. खरोखरच्या भांडलेल्या.

मनकर्णाबाई : बरं, एक इचार तिले. अर्धं मले देल्लं, तं मंग तिले पुरलं काय?

कांता : रुख्माआजी, त्या विचारतात की...

रुख्माबाई : तू थांब व पोरी. पुरलं, मनू. मले पुरलं.