नाव घ्या, सत्यवतीबाई!

नाही, मले सांगा, याले भाकर म्हनतात का? काठ जळलेले, मधोमध कच्चं पीठ, अन् आकार पाहाल तं जिल्ह्याचा नकाशा! माह्या तोंडात दात उरले चार, त्याहीनं कुठं कुठं लढाव? पन बोलाव कोनाले... या घरात आता बोलाची सोय नाही राहिली. कोनी थापली ही भाकर, तेही सांगतो, पन मी तसं एकदम नाही सांगत, मुळातून सांगतो. कहानीत आटपाट नगर असते, आमचं आपलं वलगाव. अमरावतीहून आटोत बसा, गप्पा रंगाच्या आत येते. तिथं भाजीच्या मळ्यात एक होता शालिकराम, तो माहा लेक. त्याची बायको सत्यवती. त्याहीचा पोरगा सागर, पाहाटेच वांगे-मेथी घेऊन बजारात जानारा. सागरची बायको रूपाली, गनितात यम्मेस्सी. अन् हे सारं पाहात बसलेली मी, मनकर्णाबाई. अक्षर एक येत नाही, पन आयकलेलं एक विसरत नाही, म्हनून तुमाले सांगतो...

तं सत्यवती. सून माही हाये, वाईट काहून बोलू? पन तिचा एक मंत्र होता, बाईची जागा चुलीपाशी! भजनात तेच, बारशात तेच, मयतीले गेली तं तिथं बी तेच. डोक्यावरचा पदर तिचा वारा-वावधनात हालत नसे. अन् नवऱ्याचं नाव? घेतलं तं नवऱ्याचं आयुष्य कमी होते म्हने. हळदीकुंकवात उखान्यात काय घेतलं असन तेवढं, अन् सून घरात आल्यापासून तं ते बी बंद. बरं, नाव तं नाव, नावाच्या आसपासचं बी नाही हो! शाल म्हनेना, "ते थंडीत पांघरतात ते" म्हने. शाळा म्हनेना, "मास्तरचं घर" म्हने. रस्त्यात कोनी "राम राम काकू" म्हनलं का ही नुसती मान हालवे, म्हातारे लोकं म्हनत, शालिकरामची बायको भलकशी गर्विष्ठ झाली!

पन बोलाले अशी का उभी मिरची. एक दिवस कीर्तनाच्या मांडवात तिनं आजकालच्या पोरीहीवर असं झोडपलं, असं झोडपलं... अन् तिथं बसला होता पार्टीचा बंडू. दुसऱ्या दिवशी दारात. "काकू, अशी संस्कारी बाई पार्टीले सापडून नाही राहिली! आमदारकीले उभ्या राहा!" आता मले सांगा, चुलीपाशी राहानाऱ्या बाईनं काय म्हनाव? नाही म्हनाव ना? ही म्हने, "सागरच्या बाबाले इचारतो." इचारलं. तो माहा लेक मेथीच्या जुड्या बांधून राहिला होता, तो म्हने, "राहा." संपलं!

मंग काय इचारता बापा! सकाळी जीप, दुपारी जीप, अंधार पडला तरी जीप. गावोगाव माइक. "भगिनींनो, बाईची जागा चुलीपाशी!" अन् बाई कुठी? जीपीत! अन् चुलीपाशी कोन? रूपाली!

आता खरं दुखनं इथं होतं, आयका. रूपालीले अमरावतीच्या एका क्लासनं बोलावलं होतं, बारावीच्या पोरापोरीहीले गनित शिकवाले. बॅच संध्याकाळची. पोरगी भल्ली खूश. रातच्याले वही घेऊन बसे, आकडे लिहे, एकटीच हासे. मी इचारलं, "काय व, लग्नाच्या आधीचं कोनाचं पत्र आलं का?" तं म्हने, "आजी, गनित सुटलं." अशी पोरगी! अन् सत्यवती म्हने, "दिवेलागनीले घरची लक्ष्मी उंबऱ्याच्या आत पाहिजे."

"अन् तुमी कुठी असता आई दिवेलागनीले?"

"मी काय मजा माराले जातो का व? मी बायाहीनं घरात राहावं हे सांगाले जातो!"

याले उत्तर हाये कोनापाशी? गनितात बी नाही!

तं रूपाली रडत-कुढत बसनारी नाही. तिचा अमरावतीले महिला मंच होता. त्याची मुख्य प्रनालीताई, कालेजातली मॅडम, आखूड केस, बोलनं पुस्तकासारखं. तिथं बैठक बसली, आमची सत्यवती हाच इषय. प्रनालीताई म्हने, "मैत्रिणींनो, तोंड बाईचं आहे, पण बोलणं पुरुषांचंच आहे! हिचा निषेध व्हायला पाहिजे!" दुसरी म्हने, "पण या भागातून आजवर बाई उभीच नाही राहिली, मत द्यायला पाहिजे." तिसरी म्हने, "बाई म्हणून मत द्यायचं तर माझ्या सासूलाच देते की, तिनं काय घोडं मारलं?" अन् एक माया होती, दवाखान्यात नर्स, ती म्हने, "ताई, उभं राहायचा हक्क घटनेनं दिला. आपल्या मनासारखं बोलेल तिलाच द्या, असं नाही लिहिलं त्यात." मंग जे भांडन जुंपलं! चहा थंडा झाला, बिस्किटं मऊ पडले, अन् ठरलं काय, तं अर्ज भराच्या दिवशी कचेरीसमोर निदर्शनं. रूपालीनं इचारलं, "अन् मी काय करू? माही तं सासू होये." मंग माया म्हने, "तू पाट्या रंगव."

पाट्याले कागद लागते. आमच्या घरी कागदाचे ढीग पडले होते, सारे सत्यवतीचे पोस्टर, हात जोडलेले, डोक्यावर पदर. रूपालीनं काय केलं, तेच उलटे केले अन् पाठीवर लिव्हलं, "चूल तुमची, मत आमचं!" मी पाहात होती. म्हनलं, "काय व, सासूच्या पाठीवर लिहून राहिली?" म्हने, "आजी, समोर लिहाची हिंमत नाही ना."

उजाडला तो अर्जाचा दिवस, शेवटचाच. कचेरीत उमेदवार धरून पाच मानसं आत जाऊ देतात म्हने. बंडूनं ठरवलं, पेपरात फोटो पाहिजे, तीन पिढ्यांचा. म्हनून सत्यवती, शालिकराम, म्हातारी सासू म्हनजे मी, पदर घेतलेली सून म्हनजे रूपाली, अन् पाचवा बंडू सोता. रूपालीचं तोंड पाहाची सोय नव्हती. बाहीर तिच्या मैत्रिनी पाट्या घेऊन उभ्या, अन् ही पोरगी त्याहीच्या समोरून सासूच्या मांगं मांगं, डोक्यावर पदर! प्रनालीताईनं पाहालं अन् तोंड फिरवलं.

अन् तेवढ्यात हवा सुटली! साऱ्या पाट्या उलट्या, जिकडे पाहा तिकडे सत्यवती हात जोडून उभी! पोलिसाले वाटलं ह्या बायका सत्यवतीच्याच बाजूच्या. तो म्हने, "ताई, उन्हात काहून उभ्या, तिकडे खिडकीखाली सावलीत या." गेल्या बिचाऱ्या. सावली कोनाले नोको असते? निषेध बी सावलीत बरा होते.

आत माडीवर निवडनुकीचे साहेब बसले होते, पुन्याकडचे. कागद झाले, सह्या झाल्या. साहेब म्हने, "आता उभ्या राहून शपथ वाचा. पूर्ण नावासकट."

सत्यवती उभी राहिली, पदर सावरला. "मी, सत्यवती..." अन् थांबली.

"पुढे?"

"...हे."

"हे कोण?"

"सागरचे बाबा."

"बाई, असं नाही चालत. मतदार यादीत आहे तसं पूर्ण नाव."

"लिव्हलेलं हाये ना साहेब. तेवढं तुमी वाचा, बाकीचं मी वाचतो."

"मी वाचून कसं चालेल? उमेदवार तुम्ही का मी?"

हासू नोका! तिचा घाम निथळून राहिला होता. मळ्यात दुपारच्या उन्हात निंदनारी बाई, माइकवर गरजनारी बाई, अन् एका नावापाशी अडून राहिली होती. शालिकराम म्हने, "घे ना व नाव, मी काई मरत नाही." तं ही अशी दचकली, "अभद्र नोका बोलू!" साहेबानं घड्याळाकडे पाहालं. म्हने, "मला दार बंद करावं लागेल. शपथ नाही तर उमेदवारी नाही."

अन् मंग बंडू हासला. खिशातून कागद काढला. म्हने, "साहेब, फिकर नोको. पार्टीचा डमी अर्ज, काकूचा बाद झाला तं म्हनून, माह्या नावाचा हायेच. काकूचं राहू द्या." अन् सत्यवतीकडे वळून, गोड सुरात, "चला काकू, घरी जा आता. बाईची जागा चुलीपाशी, तुमचंच म्हननं हाये ना?"

माय माय माय! तिचंच वाक्य, तिच्याच तोंडावर! गावोगाव ते वाक्य तिनं फेकलं, पन सोताले लागलं ते तवाच. खाली बसली मटकन.

आता रूपालीकडे पाहा. मी तिच्याकडेच पाहून राहिली होती. तिनं नुसतं तोंड मिटून राहाचं होतं. जीप गेली असती, माइक गेला असता, सासू घरी बसली असती... अन् मंग? मंग बंडूच्या तोंडून तेच वाक्य, अन् सासू चुलीपाशी, अन् सून बी चुलीपाशी, अन् संध्याकाळची बॅच गेली कायमची. पोरगी गनितवाली, तिनं बराबर मांडलं. डोक्यावरचा पदर झटकला, खांद्यावर टाकला अन् म्हने, "आई हरन तं मतानं हरन. नावानं नाही हरू देनार!" अन् धावली खिडकीपाशी.

"प्रनालीताई! आईले नाव घ्याले लावा! उखाना! लवकर!"

खालून आवाज, "काय? उखाणा? रूपाली, उखाण्याविरुद्ध आपला ठराव आहे!"

होता हो! संक्रांतीलेच केला होता, बाईनं नवऱ्याचं नाव कशाले घ्यावं, सोताचं घ्यावं म्हनून.

रूपाली वरतून, "ताई, आत डमी बसला हाये, बाप्या! तो वाट पाहून राहिला!"

अन् मायाचा आवाज आला, "ठरावाचं मग बघू ताई! नाव घ्या! नाव घ्या!" अन् तुमाले सांगतो, निषेधाच्या बाया, आखूड केसाच्या, पँटीच्या, साऱ्या एका सुरात, टाळ्या वाजवून, "नाव घ्या, सत्यवतीबाई, नाव घ्या!" अशा का हळदीकुंकवाले जमल्या! पोलीस हासू लागला, मोबाइलवाले धावले, कचेरीतले बाबू दारात गोळा झाले...

अन् सत्यवती उठली. आता असं पाहा, बायाहीनं "नाव घ्या" म्हनलं का घ्याच लागते, तिथं पाप नाही, तिथं आयुष्य कमी होत नाही, तो रिवाजच होये. गाल लाल झाले तिचे, नव्या नवरीवानी. रूपालीचा हात धरला, इतका घट्ट, का बांगडी वाजली. अन् म्हने:

"वांग्याच्या झाडाले काटे, फुलाले जांभळा रंग,
शालिकरामचं नाव घेतो, सून माह्या संग!"

खिडकीखाली जो कल्ला झाला! प्रनालीताई तोंडावर हात ठेवून हासून राहिली होती, ठराव करनारी! शालिकरामच्या डोळ्यात पानी. म्हने, "माय, किती वर्सानं आयकलं व, मले वाटलं दुसऱ्याच कोनाले हाक मारली." साहेब बी "वा" म्हनून गेले, मंग घाबरून म्हने, "उखाणा झाला, शपथ, शपथ!" अन् एकदा दार उघडलं तं काय इचारता? सत्यवतीनं कागद धरला अन् "मी, सत्यवती शालिकराम बेलोकार" असं ठनकावून म्हनलं, का छतावरचे पारवे उडाले. बंडूनं आपल्या कागदाची घडी केली, खिशात टाकली. बस बापा तू डमी!

बाहीर आल्यावर प्रनालीताई समोर आली. म्हने, "बाई, आमचा तुम्हाला विरोध आहे. उद्यापासून गावोगाव तुमच्याविरुद्ध बोलणार." सत्यवती म्हने, "बोल ना माय. पन आज जेवून जा." बोलल्या बी त्या, पुरा महिना बोलल्या, अन् खऱ्या बोलल्या. मत कोनाले दिलं ते इचारू नोका, मी इचारलं तं माया नुसती हासली.

अन् रूपाली? अवं, तो उखाना मोबाइलवर साऱ्या तालुक्यात गेला! ज्या गावात जीप जाये तिथं बाया इचारत, "सून कुठी? संग म्हने ना?" सत्यवती आली घरी, म्हने, "रूपाली, चाल संग." पोरगी म्हने, "चालतो ना आई. जीपीत बसतो. क्लासपाशी उतरतो. परतीच्या वक्ताले तिथूनच घ्या मले." सत्यवतीनं एकदा माह्याकडे पाहालं, एकदा छताकडे पाहालं. उखान्यात म्हनलेलं मांगं घेता येत नाही हो! पार्टीच्या जीपीत बसून माही नातसून रोज दिवेलागनीले गनित शिकवाले जाये, अन् जीपीवर माइक सांगे, बाईची जागा चुलीपाशी!

अन् निवडून आली! आली ना! गुलालानं मळ्यातलं पांढरं वांगं लाल झालं. रूपालीनं सोताचा क्लास काढला, दारावर सोताचं नाव, अन् पोरी इतक्या, का चपला ठेवाले जागा नाही. मंचवाल्या अजून मोर्चा घेऊन आमच्याच दारात येतात, सत्यवती त्याहीच्याशी भांडते, मंग कागद घेते, अन् मंग आत पाहून आवाज देते, "चहा टाका जी!"

कोनाले म्हनून काय इचारता? शालिकरामले! सून मुंबईले नाही तं लोकाहीत, नातसून क्लासवर, सागर बजारात, मंग घरात उरलं कोन? स्टेजवर सत्यवती आज बी म्हनते, "भगिनींनो, बाईची जागा चुलीपाशी," टाळ्या पडतात, अन् इकडे माहा लेक चुलीपाशी पीठ मळत इचारते, "माय, आज तरी बरी झाली का व भाकर?"

जसं आमच्या घराचं नशीब उघडलं तसं तुमच्या बी घराचं उघडो, पोरीहीनो. भाकरीचं मातर मी काई बोलत नाही... जरा ताक आना इकडे. बुडवून खातो.