बारूदखान्याची घंटी

तू आत्ता माचिस ओढली ना, मले ती बुढीच आठवली. पंच्याऐंशी साल असन. गडचांदूरकडं चुनखडीच्या खाणीवर मी बारूदखान्याचा जमादार होतो. साहेबानं भोवती नवीन तारेचं कुंपण बसवलं. तारेले धक्का लागला की चौकीत घंटी वाजे, अन् आम्ही चौघेही फाटकातून निघून मागं धावत जाऊ. रोज सकाळी तिथं एकच बकरी, तारेले अंग घासत उभी.

एक दिवस बकरी हाकलून परतलो, तर फाटकावर साहेब. आत शिरता शिरता म्हणाले, "आता इथं उंदीरसुद्धा येणार नाही."

समोर बारूदखान्याच्या भिंतीले लागून मोहाचं झाड. त्याच्याखाली एक बुढी टोपल्यात फुलं वेचून राह्यली होती!

साहेब तिच्यापाशी धावले. "बाई, तुम्ही आत कशा आल्या?"

"फाटकातून. माह्या सासऱ्याचं झाड हाय हे."

"आणि हे शिपाई?"

"ते बकरीकडं पळतेत न. माहीच बकरी हाय, मीच सोडते तिकडं."

तेवढ्यात साहेबाले झाडाखालची जमीन दिसली. सारी काळी.

"हे काय?"

"पाला जाळला, बाबू. नाई तं फुलं कशी दिसतीन?"

आत पेट्यांवर पेट्या बारूद. मी घाबरून भिंतीले टेकलो, अन् दचकून भिंतही सोडली.

"कधी जाळला?" साहेबानं विचारलं.

"काल, घंटी वाजली तवा," बुढी म्हणाली. "आधी फाटकावर कोणी न कोणी बसून राहे. ह्या तारेनं लय सोय केली."