औषधाची वेळ मी ठरवली

मी मूळचा शिरवळचा. वडील शिंपीकाम करत, हायवेच्या कडेला एका पडवीत त्यांचं मशीन होतं. आमच्या जातीत घरं थोडी, म्हणून सोयरिकी लांबलांबच्या. माझी पत्नी कलावती जत तालुक्यातली, कानडी मुलखाला लागून असलेल्या गावची. लग्न झालं तेव्हा ती मराठी बोलायची, पण रागावली की कानडीत रागवायची, आणि मला ते कळायचं नाही. कळलं नाही की मला वाटायचं, ही माझ्याविरुद्धच काहीतरी बोलली. माझा स्वभाव हा असा, तो नोकरीने केला की नोकरी त्या स्वभावाला सापडली, हे मी आजही ठामपणे सांगू शकत नाही.

पंचविशीत मी कराडला जकात नाक्यावर लागलो. गावात माल घेऊन येणारी प्रत्येक गाडी थांबवायची, माल पाहायचा, पावती द्यायची. गूळ म्हटला तर गूळच आहे का, वर गूळ आणि खाली दुसरं काही आहे का, हे पोत्यात हात घातल्याशिवाय मानायचं नाही. तेवीस वर्षं मी पोत्यात हात घातले. एक गाडीवान दर वेळी म्हणायचा, नाकेदार, तुमी सोताच्या लग्नातबी मुंडावळ्या वर करून नवरी तपासून घेतली आसंल. सगळे हसत. मी हसत नसे, कारण ते म्हणणं फारसं खोटं नव्हतं.

तर काय सांगत होतो, कलावतीचं दुखणं. मोठा दुष्काळ सरला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात तिच्या छातीत जळजळ सुरू झाली. घशाशी आंबट यायचं, वाकून झाडायला लागली की तोंडात पाणी सुटायचं. मी आधी रेशनच्या तांबड्या ज्वारीवर संशय घेतला. मग तेलवाल्यावर घेतला, त्याच्या तेलाचा थेंब तळहातावर चोळून वास घेत बसलो. घरात काय शिजतं ते पाहिलं, कुणी विकलं ते पाहिलं, पण खाणारं माणूस कधी खातं, ते पाहायचं मला सुचलं नाही.

शेवटी गावातल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एक बाटली दिली. खडू कालवल्यासारखं घट्ट पांढरं औषध, पुदिन्याच्या वासाचं. आम्हा दोघांना समोर बसवून त्यांनी सांगितलं, बाटली हलवून दोन चमचे, दोन्ही वेळा जेवणानंतर तासाभराने. मी विचारलं, त्यात पाणी तर मिसळलेलं नाही ना. डॉक्टरांनी पुढच्या रोग्याला हाक मारली, कलावतीने मान खाली घातली.

पहिला आठवडा बाटली तिच्याकडे होती आणि तिला बरं वाटत होतं, हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यानंतर घडलं. मी दुपारी बाराला नाक्यावरून येई, मी आणि दोन मुलं जेवायला बसू, आणि एक वाजला की मी घड्याळ पाहून तिला विचारी, औषध घेतलं का. ती म्हणे, अजून न्हाई. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी म्हणाली, आवं, अजून येळ झाली न्हाई. घड्याळ माझ्या मनगटावर आणि वेळ ही मला सांगते, असं माझ्या मनात आलं. मी बाटलीवरच्या कागदावर पेन्सिलीने रेघ मारून ठेवली. दोन दिवसांनी पाहिलं तर औषध उतरलं होतं, पण ते पोटात गेलं की मोरीत, हे रेघेवरून कसं कळणार. मग मी बाटली माझ्या ट्रंकेत ठेवली आणि कुलूप लावलं.

त्या दिवसापासून रोज बरोबर एक वाजता मी स्वतः दोन चमचे मोजून तिच्या तोंडाशी धरू लागलो. रात्री माझं जेवण झालं की पुन्हा तासाने तसंच. एक दिवस चुकवला नाही. आमची आई तेव्हा होती, ती म्हणाली, तुझा नाका तिकडं वेशीवर हाय ना रं, मग हितं कशाला बसवलास. मी तिला गप्प केलं.

आणि दुखणं वाढत गेलं. मला वाटलं, ही औषध तोंडात धरते आणि मागल्या दारी थुंकते, आजारी राहिली म्हणजे माहेरी जायला मिळेल म्हणून. एकदा तर मी तिला तोंड उघडून दाखवायला लावलं. मुलं समोर होती. तिने उघडलं. काय सांगू तुम्हाला, तेव्हा मी खरोखरच आत पाहिलं, जीभ वर करायला सांगितली आणि समाधानाने घड्याळाला किल्ली देत बसलो.

मध्येच तिचा भाऊ बसू जतहून आला. दारातच तो तिला कानडीत काहीतरी म्हणाला, तिने मान हलवली, माझ्याकडे पाहिलं, आणि तो गप्प झाला. दोन दिवस मी त्या दोघांवर नजर ठेवून होतो.

आषाढात एका दुपारी ती चुलीपुढून उठली आणि मोरीत ओकली. ओकारी काळपट होती, कॉफीच्या चोथ्यासारखी. मी घाबरलो, आणि लाज वाटते सांगायला, घाबरता घाबरता मनात आलं, माझ्या पाठीमागे हिने काही खाल्लं असेल. तशीच तिला गाडीत घालून मिरजेला नेलं.

तिथे एक वयस्क डॉक्टरीणबाई होत्या. त्यांना मी सगळं सांगितलं, औषध रोज माझ्या हाताने, घड्याळ लावून, जेवणानंतर बरोबर तासाभराने. बाईंनी माझं पुरतं ऐकून घेतलं आणि तोंड कलावतीकडे वळवलं. तुम्ही जेवता कधी, त्यांनी विचारलं.

कलावतीने आधी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, ह्यांचं व्हतं, पोरांचं व्हतं, मग सासूबाईंचं. धुणं उरकून मी बसते. दोन तरी वाजत्यात, कवा अडीच. रातीला बी सगळ्यांच्या मागनंच.

आणि औषध? बाईंनी विचारलं.

ते एकला.

एवढंच. बाईंनी मला रागावून काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे समजावलं, की हे औषध रिकाम्या पोटात थांबत नाही, थोड्या वेळात पुढे सरकून जातं. पोटात अन्न असेल तरच ते दोन-तीन तास टिकतं आणि जेवणामागून चढणारं आम्ल मारतं. ही रिकाम्या पोटी औषध घेत होती, ते निघून गेल्यावर गार भाकरी आणि मिरचीचा खरडा खात होती, आणि आम्ल चढायच्या वेळी पोटात औषधाचा थेंब नव्हता. रात्री तर जेवली की लगेच अंथरुणाला पाठ लावायची, सगळं घशाशी येणारच. आतड्याच्या तोंडाशी जखम झाली आहे, रक्त थांबलं नाही तर कापावं लागेल, असं बाई म्हणाल्या.

तिची वेळ झाली नाही, असं ती म्हणाली होती ते खरं होतं. पहिल्या आठवड्यात ती तिच्या जेवणानंतर तासाने, तीन-साडेतीनला औषध घेत होती, म्हणून बरं वाटत होतं. डॉक्टरांचं बोलणं तिला कळलं होतं, मला कळलं नव्हतं. माझं जेवण म्हणजे घराचं जेवण, असं मी धरून चाललो होतो. बातमी कळून बसूही मिरजेला आला, त्याला मी तिथेच विचारलं, त्या दिवशी दारात तू काय म्हणालास. तो म्हणाला, जेवलीस का म्हणालो, आमच्याकडं भेटल्याबरोबर तेच इचारत्यात.

पंधरा दिवसांनी रक्त थांबलं, कापावं लागलं नाही. निघायच्या दिवशी व्हरांड्यातल्या बाकावर मी तिला विचारलं, तू मला सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, सांगितलं आसतं तर मी जेवले का न्हाई ते बघाया तुमी माज्या ताटाशीबी येऊन बसला आसता. तेवढं एक ताट माजं हुतं.

मला वाटलं होतं, आता तिला वेळेवर जेवायला घालीन, समोर बसेन. पण समोर बसणं म्हणजे पुन्हा पहाराच. म्हणून आता ती साडेअकराला, सगळ्यांच्या आधी जेवते. मी सुट्टीच्या दिवशी त्या वेळी घरात थांबत नाही, इथे पारावर येऊन बसतो. बाटली तिच्या फडताळात असते. घेतलं का, असं मी विचारत नाही. विचारायचं तोंडावर येतं, आणि मी ते गिळतो. ती बरी आहे, भाकरी दुधात कुस्करून खाते, खरडा बंद आहे. खरडा खरोखरच बंद आहे का, हे मला माहीत नाही, आणि माहीत नसलेलंच बरं, हे मी पन्नाशीला टेकल्यावर शिकलो.

तुम्ही लिहून घेताय, घ्या. तुमचं भलं होवो. पण आता उठा. एक वाजत आला, आणि तुमच्या घरी कुणीतरी जेवायचं थांबलं असेल.